आकडा मोठा, तेल खोटं

गाडीच्या पोटातलं तेल निवडताना 'सगळ्यात भारी' मागू नका, 'बरोबर' मागा. नाहीतर भर घाटात एका रिटायर्ड एसटी ड्रायव्हरची गरज पडते!

मंडळी, आपल्या सगळ्यांच्या ग्रुपमध्ये एक तरी 'टर्बो' असतो. आमचा टर्बो हिंजवडीत नोकरीला आहे, वय ३२, ईएमआय तीन. त्यातला एक ईएमआय फिटल्याच्या आनंदात त्याने सेकंडहँड स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस उचलली. जुनी, पहिल्या पिढीतली. स्कोडाने २००१ मध्ये औरंगाबादजवळच्या शेंद्र्याला (शहर आता छत्रपती संभाजीनगर) ऑक्टाव्हिया जोडायला सुरुवात केली आणि २००४ मध्ये तिचं हे तिखट भावंड भारतात आणलं. १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १५० बीएचपी आणि पाच गियरचा मॅन्युअल बॉक्स. तेव्हा कॉलेजच्या गेटवर ती नुसती उभी राहिली तरी लेक्चर बुडायचं. चार दरवाजे आणि एवढी मोठी डिकी असलेल्या गाडीला स्पोर्ट्स कार म्हणायचं का, यावर वाद घाला. पण टर्बोसमोर नको.

पंधरा वर्षं उलटलेली गाडी म्हणजे आरसी रिन्यू करा, ग्रीन टॅक्स भरा, हे सगळं आलंच. ते साहेबांनी केलं. मग नवीन अलॉय आले, मोठ्या आवाजाचा एक्झॉस्ट आला. आणि एका रविवारी त्याने मला नाना पेठेत नेलं. 'आज गाडीला प्रोटीन शेक द्यायचाय,' म्हणाला.

दुकानाच्या काउंटरवर तेलाच्या बाटल्या मांडल्या गेल्या. गियरबॉक्ससाठी कंपनी ७५डब्ल्यू-९० ग्रेडचं, जीएल-४ वर्गातलं तेल सांगते. टर्बोने हात घातला तो थेट सोनेरी लेबलच्या बाटलीला. त्यावर लिहिलं होतं, 'रेसिंग, ७५डब्ल्यू-१४०, जीएल-५'. दुकानदार म्हणाला, 'साहेब, हे तुमच्या गाडीचं नाही.' टर्बो हसला. '१४० हा ९० पेक्षा मोठा, ५ हा ४ पेक्षा मोठा. अप्रेझलमध्ये ४ पेक्षा ५ रेटिंग भारी असतं ना?' खरं सांगायचं तर मलाही ते पटलं. गिऱ्हाईक म्हणजे राजा. बाटल्या गाडीत आल्या.

त्याच आठवड्यात एका गॅरेजमध्ये तेल बदललं गेलं. तिथल्या पोराने बॉनेट उघडलंच होतं, तर पॉवर स्टीअरिंगचं तेल कमी दिसलं म्हणून शेल्फवरचं लाल तेल थोडं टॉपअप केलं. आणि ब्रेक फ्लुइड? डबीतली लेव्हल बरोबर 'मॅक्स'ला होती. 'फुल्ल आहे, राहू दे,' म्हणत टर्बोने पुढचा विषय काढला. ते फ्लुइड कधीचं होतं, कुणालाच माहीत नव्हतं. आधीच्या मालकाच्या फाइलमध्ये गेल्या चार वर्षांत त्याची एकही नोंद नव्हती. पण ब्रेक फ्लुइड कुणाला दाखवता येत नाही ना! अलॉय दाखवता येतात.

आंबेनळीतला तो पाव तास

गेल्या वर्षी दसरा झाला, पाऊस ओसरला, आणि टर्बोच्या बाबांना पोलादपूरजवळच्या त्यांच्या गावी जायचं होतं. काका एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले. सरळ रस्ता सोडून टर्बोने महाबळेश्वरमार्गे जायचं ठरवलं, कारण उघड होतं. काका पुढे डाव्या सीटवर, मी मागे.

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साधारण साडेतेराशे मीटरवर. तिथून आंबेनळी घाटाने प्रतापगडाच्या पायथ्याशी वळसे घेत पोलादपूरला उतरायचं. म्हणजे दीड टनाचं वजन बाराशे मीटर खाली आणायचं. शाळेतली फिजिक्स आठवा. एवढ्या उतारात जी ऊर्जा सुटते, तिच्यात आंघोळीच्या तीनेक बादल्या पाण्याला उकळी येईल. ही उष्णता कुठेतरी जायलाच हवी. इंजिनला काम दिलं तर त्यातली बरीचशी इंजिन खातं. नाही दिलं, तर चार ब्रेक डिस्कवर येते.

टर्बो चौथ्या आणि तिसऱ्या गियरमध्ये, प्रत्येक वळणाआधी ब्रेक मारत उतरत होता. एक्झॉस्टचा आवाज झक्कास येत होता. काका दोनदा म्हणाले, 'गाडी गियरात घे रे.' टर्बो म्हणाला, 'बाबा, ही एसटी नाही.'

मग एका उजव्या वळणाआधी त्याने ब्रेक दाबला आणि पेडल निम्म्यापर्यंत गेलं. पुढच्या वळणाला जवळजवळ तळाला. मला मागून त्याचा चेहरा दिसत नव्हता, पण मानेवरचा घाम दिसत होता. त्याने घाईघाईने दुसरा गियर टाकायला लिव्हर ओढली. कर्रर्र! गियर जाईना. पुन्हा कर्रर्र! गाडी मोकळी सुटल्यासारखी पळायला लागली.

काकांनी आवाज चढवला नाही. उजवा हात हँडब्रेकवर ठेवला, बटण अंगठ्याने दाबून धरलं आणि लिव्हर थोडी थोडी वर घेतली. 'ब्रेकवर पाय मारत राहा, पंप कर. आता क्लच. न्यूट्रल. क्लच सोड. रेस दे. परत क्लच. टाक दुसरा.' डबल क्लच! जुन्या एसटीचं हे बाळकडू. या वेळी गियर लोण्यात सुरी जावी तसा गेला. इंजिन ओरडलं आणि गाडी आवळली गेली. दोन वळणांनंतर डोंगराच्या बाजूला जरा जागा होती, तिथे आम्ही थांबलो.

चाकांमधून जळका वास येत होता. कुणीच काही बोललं नाही. अर्ध्या तासाने टर्बोने पेडल दाबून पाहिलं तर ते पुन्हा टणक! 'झालं ठीक,' तो म्हणाला. काका म्हणाले, 'ते ठीक झालेलं नाही. ते गार झालंय.' उरलेला घाट आम्ही पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये, सायकलच्या वेगाने उतरलो. परत येताना काका पोलादपूरहून एसटीने पुण्याला आले. तिकीट काढून!

पेडल का बुडालं?

पुण्यात आल्यावर गाडी एका जुन्याजाणत्या मेकॅनिककडे गेली. त्यांनी ब्रेक फ्लुइडच्या डबीत पेनासारखा टेस्टर बुडवला. लाल दिवा लागला. फ्लुइडमध्ये पाणी!

इथे फंडा असा. तुम्ही पेडल दाबता तेव्हा तुमचा जोर चाकापर्यंत हे द्रव नेतं, कारण द्रव दाबला जात नाही. पण नेहमीचं ब्रेक फ्लुइड ग्लायकॉल प्रकारचं असतं, आणि ते पावसाळ्यातल्या मिठासारखं हवेतली ओल ओढून घेतं. रबरी नळ्यांमधून, झाकणातून ही ओल वर्षानुवर्षं आत शिरते. जितकं पाणी जास्त, तितकं ते लवकर उकळतं. उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ मात्र मस्त दाबली जाते. तुमचा पाय बुडबुडे दाबत बसतो, ब्रेक लागत नाही. गार झालं की वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि पेडल साळसूद होतं. म्हणून हे दुखणं पार्किंगमध्ये सापडत नाही, घाटातच सापडतं.

बाटलीवरचा 'डॉट' आकडा यासाठीच असतो. डॉट ३ ताजं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळायला हवं, आणि ३.७ टक्के पाणी शिरल्यावर किमान १४० ला. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. डॉट ५.१ साठी २६० आणि १८०. म्हणजे बाटलीवरचा मोठा आकडा बघून खूश होऊ नका. तुमच्या गाडीत दोन वर्षांनी उरतो तो दुसरा, छोटा आकडा.

'मग सरळ डॉट ५ टाकूया ना!' घाट उतरूनही टर्बो सुधारला नव्हता. मेकॅनिककाकांनी कपाळाला हात लावला. डॉट ५ हे डॉट ४ चं मोठं भावंड नाहीच, ते वेगळ्याच घरातलं आहे, सिलिकॉनचं. ते ग्लायकॉलमध्ये मिसळत नाही. पाणी शोषत नाही हे खरं, पण मग शिरलेलं पाणी थेंबाथेंबाने सगळ्यात खालच्या जागी, म्हणजे नेमकं ब्रेकपाशी साचतं. शिवाय त्यात हवेचे बारीक बुडबुडे अडकून राहतात, त्यामुळे एबीएसच्या गाडीत ते चालत नाही. गोंधळ होऊ नये म्हणून अमेरिकन नियमाने त्याला जांभळा रंग ठरवून दिलाय. डॉट ५.१ मात्र पुन्हा ग्लायकॉलचंच, डॉट ४ मध्ये मिसळणारं. नावं ठेवणाऱ्याला भेटायचंय मला एकदा!

बरं, रेसिंगचं फ्लुइड? मोटुलचं आरबीएफ ६६० ताजं असताना ३२५ अंशांपर्यंत उकळत नाही. ऐकायला सॉलिड. पाणी शिरल्यावर तेच २०४ वर येतं. रेसवाले लोक ते पुनःपुन्हा बदलतात, म्हणून त्यांना ३२५ मिळतं. आपण वर्षाला दोनदा ट्रॅकवर जात असू तर ठीक. बाकीच्यांसाठी कंपनीने सांगितलेलं डॉट ४, सीलबंद बाटलीतून, दर दोन वर्षांनी. चार वर्षांच्या रेसिंग फ्लुइडपेक्षा कालचं साधं डॉट ४ कधीही बरं.

आणि या गाडीत हायड्रॉलिक क्लचही त्याच डबीतलं फ्लुइड पितो. तेव्हा फ्लुइड बदलताना चार चाकांबरोबर क्लचच्या लाइनमधलंही जुनं काढायचं. बऱ्याच ठिकाणी ते विसरतात.

गियर का अडला?

आता त्या सोनेरी बाटलीकडे वळू. जीएल-५ तेल वाईट नाही, ते वेगळ्या कामाचं आहे. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांच्या एक्सलमध्ये जो हायपॉइड क्राऊन-पिनियन असतो, तिथे दाते एकमेकांवर प्रचंड दाबाखाली घासत सरकतात. त्यासाठी जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसची रसायनं जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतात.

मॅन्युअल गियरबॉक्सची गरज उलटी. गियर टाकताना दोन भागांचा वेग जुळवायचं काम सिंक्रो रिंग करते, आणि ती ते घर्षणाने करते. सायकलच्या रिमवर ब्रेकचं रबर घासतं ना, अगदी तसं. तिथे जास्त निसरडं तेल घातलं की रिंग नुसती घसरते, वेग जुळत नाही आणि कर्रर्र होतं. त्यातून अनेक गाड्यांत ही रिंग पितळेची असते, आणि ती जादा रसायनं पितळेला हळूहळू खातात. वर १४० म्हणजे 'जास्त ताकद' नाही, तर गरम झाल्यावरचा जास्त घट्टपणा. आरएसच्या बॉक्समध्ये हायपॉइड दाते नाहीतच. म्हणजे टर्बोने ज्या संरक्षणासाठी दुप्पट पैसे मोजले, त्याची गाडीला गरजच नव्हती, आणि ज्या घर्षणाची गरज होती ते त्याने पैसे देऊन घालवलं.

घाटात काकांनी केलं ते एवढंच. सिंक्रोचं काम त्यांनी लेकाच्या उजव्या पायाकडून करून घेतलं.

जेमतेम दोन लिटर तेल मावतं या बॉक्समध्ये. बरोबर ग्रेडचं भरल्यावर दुसरा गियर आठवडाभरात माणसात आला. एक टीप इथेच घ्या. तेल काढण्याआधी भरायचा नट उघडतोय का ते पाहायचं. खालून सगळं तेल सोडलं आणि वरचा नट गंजून बसलेला निघाला, तर गाडी टो करून न्यावी लागते.

लाल की हिरवं?

स्टीअरिंगचं दुखणं महिन्याभराने उगवलं. पार्किंगमध्ये जमिनीवर ओले डाग! या ऑक्टाव्हियाच्या पॉवर स्टीअरिंगला हिरवं हायड्रॉलिक तेल लागतं. त्या गॅरेजमधल्या पोराने टाकलं होतं ते लाल, ऑटोमॅटिक गियरबॉक्सचं एटीएफ. अनेक जपानी-कोरियन गाड्यांच्या हायड्रॉलिक स्टीअरिंगला तेच चालतं, म्हणून ते शेल्फवर कायम असतं. पण प्रत्येक तेलासाठी सीलचं रबर वेगळं. चुकीच्या तेलात ते फुगतं, मऊ पडतं आणि गळायला लागतं.

मोठ्या घरच्या गाड्याही यातून सुटलेल्या नाहीत. पोर्शे ९११ च्या ज्या पिढ्यांना हायड्रॉलिक स्टीअरिंग होतं, त्यातल्या ९९६ आणि ९९७ ला पेंटोसिन सीएचएफ ११एस हे हिरवं तेलच लागतं. २०११ च्या ९९१ पासून स्टीअरिंग इलेक्ट्रिक झालं आणि ती बाटली गेली. आणि सित्रोएन एसएम आठवते? १९७० ते १९७५ मधली, मासेराटीचं व्ही६ इंजिन असलेली फ्रेंच सुंदरी. तिचं सस्पेन्शन, ब्रेक, स्टीअरिंग सगळं एकाच हायड्रॉलिक यंत्रणेवर, एलएचएम नावाच्या हिरव्या खनिज तेलावर चालतं. कुणी भोळेपणाने त्यात साधं ब्रेक फ्लुइड ओतलं, तर एकाच झटक्यात सगळी सीलं कामातून जातात. सित्रोएनने तर कोणत्या पार्टला कोणतं तेल हे कळावं म्हणून एलएचएमच्या पार्टना हिरवा रंग दिला होता.

पण रंगावर डोळे झाकून भरवसा ठेवायचा नाही. रंग म्हणजे बाटलीत घातलेला डाय, गुण नव्हे. खरी ओळख असते मॅन्युअलमध्ये छापलेला स्पेसिफिकेशनचा नंबर. दोन हिरवी तेलं एकमेकांची शत्रू असू शकतात.

ऑटोमॅटिकवाल्यांनो, हसू नका

'आमच्याकडे गियरच नाही टाकावा लागत,' असं म्हणणाऱ्यांनीही ऐका. २०१७ च्या ऑक्टाव्हिया आरएसमध्ये सहा गियरचा डीएसजी आहे. त्याचे दोन्ही क्लच तेलात बुडालेले असतात. तेच तेल गियरला वंगण देतं, क्लच गार ठेवतं आणि हायड्रॉलिक दाबही तयार करतं. एवढी तीन कामं करणारं तेल दर ६० हजार किलोमीटरला बदलायचं असतं, आणि तेही त्याच स्पेसिफिकेशनचं. त्याच घराण्यातल्या सात गियरच्या कोरड्या क्लचच्या डीएसजीत मात्र गियरचं तेल वेगळं आणि हायड्रॉलिक मेंदूचं तेल वेगळं. तुमच्या सीव्हीटीला सीव्हीटीचंच तेल हवं, एटीएफ नव्हे. 'सगळ्या गाड्यांना चालतं' असं लिहिलेली बाटली दिसली, की आपल्या गाडीचा नंबर तिच्या मागच्या यादीत शोधा. नसेल तर नमस्कार करून पुढे चला.

पाकिटात ठेवायच्या पाच गोष्टी

१. दुकानात जाण्याआधी मॅन्युअलमधल्या त्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये काढून घ्या. ब्रँड कोणताही चालेल, स्पेसिफिकेशन तेच हवं.

२. ब्रेक फ्लुइडची छोटी सीलबंद बाटली घ्या आणि समोर फोडून घ्या. गॅरेजच्या कोपऱ्यातला उघडा डबा, तोही मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात, अजिबात नको.

३. ब्रेक फ्लुइडची लेव्हल हळूहळू उतरली तर आधी पॅड तपासा. पॅड झिजले की लेव्हल उतरतेच. नुसतं टॉपअप म्हणजे ताप आल्यावर थर्मामीटर गार पाण्यात धरणं. आणि एकदम उतरली तर गळती आहे, गाडी चालवू नका.

४. सेकंडहँड गाडी घेतली आणि नोंद सापडली नाही, तर तेल बदललेलं नाही असंच धरा. स्टिरिओ नंतर घ्या.

५. उतारावर गाडी गियरमध्ये ठेवा. नवं कोरं फ्लुइडसुद्धा ब्रेकवर पाय ठेवून बसणाऱ्याला वाचवायला बांधील नाही.

ता. क.

स्टीअरिंगच्या रॅकचं बिल एक्झॉस्टच्या बिलापेक्षा मोठं आलं. टर्बोने मुकाट भरलं. मग एका संध्याकाळी तो काकांना घ्यायला गेला. 'बाबा, चला, सिंहगडाला चक्कर मारून येऊ.' काका खाली आले. अलॉयकडे पाहिलं नाही, एक्झॉस्टकडे पाहिलं नाही. बॉनेट उघडायला लावलं आणि विचारलं, 'तेल कधी बदललं, लिहिलंय कुठे?'

टर्बोने बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवलेला कागद दाखवला. त्यावर तीन ओळी होत्या. ब्रेक-क्लच, गियर, स्टीअरिंग. प्रत्येकापुढे स्पेसिफिकेशन, तारीख आणि किलोमीटर. काकांनी खिशातून चष्मा काढून सगळं वाचलं, अगदी सावकाश. मग बॉनेट लावलं आणि डावा दरवाजा उघडला.

'चल,' म्हणाले. 'पण उतरताना दुसऱ्यातच.'